तुमच्या आईची वही माझ्याकडे आहे

हन्नाबाई,

तुम्ही गेलात त्याला आज बावीस दिवस झाले. तुमच्यात तीस दिवस दुखवटा धरतात, असं तुमची भाची रूथ म्हणाली. म्हणजे अजून आठ दिवस हातात आहेत, आणि तेवढ्यात मला तुम्हाला एक गोष्ट सांगून मोकळं व्हायचं आहे. समोर असता तर सांगितली नसती. इतकी वर्षं समोर होता, तेव्हा तरी कुठं सांगितली.

तुमच्या आईची गाण्यांची वही माझ्याकडे आहे. इथं साताऱ्यात, लेकाच्या घरी, माझ्या लुगड्यांच्या कपाटात, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली. पुण्याला तुमच्या दफनभूमीत आपण जे मातीत ठेवलं, ज्याच्यावर तुम्ही पहिली मूठ माती टाकलीत आणि मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडलात, ती ती वही नव्हती.

झालं, लिहिलं एकदाचं. वाचनालयात पुस्तकाच्या कार्डात चूक झाली की मी आधी लांबण लावायची, पोरगं आजारी होतं, दिवे गेले होते, आणि तुम्ही हात वर करून म्हणायचात, "मालन, आधी चूक सांग. कारणं मागून." तर आज तुमच्या पद्धतीनं आधी चूक सांगितली. आता कारणं ऐका.

रूथ हे छापायला देणार म्हणते, म्हणून ज्यांना आपलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. तुम्ही तोवर चष्मा पुसा.

मी सांगलीच्या आपल्या वाचनालयात आले ती फरशी पुसायला. सातवी झालेली, मालक फौजेत, दोन पोरं आणि भाड्याची खोली. तुम्ही ग्रंथपाल. पहिल्या दिवशी माझं नाव विचारायच्या आधी तुम्ही विचारलंत, "वाचता येतं का?" मी म्हटलं, "येतंय, पर सवड न्हाई." तुम्ही म्हणालात, "मग धूळ झटकताना पुस्तकांची नावं वाचत जा. त्याला वेगळी सवड लागत नाही." वर्षभर मी नुसती नावं वाचली. आत काय आहे हे न बघता हजारभर पुस्तकं मला नावानं ओळखीची झाली, जशी गल्लीतली माणसं असतात. मग एके दिवशी तुम्ही माझी किराणा मालाची यादी बघितलीत, म्हणालात, "अक्षर चांगलं आहे," आणि मला कार्डं लिहायला बसवलंत. फरशी पुसायची सुटली असं नाही. दोन्ही चाललं.

कोपऱ्यात एक काचेचं कपाट होतं. त्याला सगळे हन्नाबाईंचं कपाट म्हणायचे. तुम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू लोकांतल्या. वडील मिरजेला रेल्वेत होते, म्हणून तुमचं घर घाटावर आलं. भाऊ इस्रायलला गेले, ओळखीपाळखीचे गेले, आणि जाताना प्रत्येक जण आपली पुस्तकं तुमच्या दारात ठेवून गेला. मराठीतली प्रार्थनापुस्तकं, मराठीत लिहिलेली नबींची कीर्तनं, वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातल्या गुलामीतनं सुटल्याच्या सणाची पोथी जिच्यात एका बाजूला हिब्रू आणि दुसऱ्या बाजूला मराठी, जुनी मासिकं, बायकांच्या गाण्यांच्या वह्या. ती सगळी तुम्ही त्या कपाटात आणलीत आणि एकेकाची नोंद केलीत. मी एकदा विचारलं होतं, "बाई, सगळी गेली, तुमी का न्हाई गेला?" तुम्ही कार्डावरनं मान न उचलता म्हणालात, "तिथे सगळेच ज्यू. मला कोण विचारणार? इथे मी एकटी आहे, म्हणजे संदर्भ विभाग मीच."

त्या कपाटात माझा पहिला पराक्रम तुम्हाला आठवत असेल. नवीन पुस्तक आलं की पहिल्या पानावर शिक्का, शेवटच्या पानावर शिक्का, आणि आतल्या एका ठरलेल्या गुप्त पानावर शिक्का. तुम्ही रजेवर होता. मी उत्साहानं अकरा पुस्तकांना शिक्के मारून टाकले. हिब्रू पुस्तक उजवीकडनं उघडतं हे मला काय ठाऊक. पहिलं पान समजून सगळी शेवटची पानं निळी केली, परतीची तारीख लिहायची चिठ्ठी मुखपृष्ठाच्या आत चिकटवली, आणि गुप्त पानावरचा शिक्का नेमका देवाच्या नावावर. फळीवर लावली तीही उलटी. तुम्ही आलात, एक पुस्तक उघडलंत, आणि खुर्चीत बसलात. मला वाटलं आता नोकरी गेली. तुम्ही बोटानं ती चार अक्षरं दाखवलीत. "हे नाव आम्ही खोडत नाही, पुसत नाही, तोंडानं उच्चारतही नाही. ज्या कागदावर हे आहे, तो कागद जीर्ण झाला तरी फेकत नाही, माणसासारखा पुरतो." मी म्हटलं, "आता ओ बाई?" तुम्ही तो निळा गोल न्याहाळलात आणि म्हणालात, "आता देवाला वाचनालयाचा सभासद करून घेतला आपण."

हसलात तुम्ही. मी रडत होते. तुमचं असंच होतं, लोक रागवायची वाट बघत असायचे तिथं तुम्ही हसायचात, आणि जिथं कुणाला काही वाटलं नसतं तिथं तुम्ही कडक व्हायचात.

कडक कशात, तर खरं-खोट्यात. त्या म्हाताऱ्या माणसाचा फोन आठवतो? इस्रायलमधल्या कुठल्या गावातनं, आणि मराठी अशी की जणू अलिबागेतनंच बोलतोय. म्हणे, माझी आजी मिरजेत वारली, नाव सारा, तिची तिथी मिळेल का, दिवा लावायचा आहे. तुम्ही म्हणालात, "सारा पुष्कळ आहेत हो. आजोबा रेल्वेत कुठल्या खात्यात होते?" मग तुमची ती जाड वही काढलीत. कुणाचं हिब्रू नाव काय, घरचं नाव काय, आडनावाचं गाव कुठलं, कुणाची नोंद कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या कोऱ्या पानावर. वीस वर्षं खपून केलेली वही ती. जगात कुठल्या छापील ग्रंथात नव्हतं ते तिच्यात होतं. वल्हांडणाच्या एका पोथीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेली सारा तुम्ही अर्ध्या तासात काढलीत. तुमचा अव महिना, आमचा श्रावण. तिथी सांगितलीत. पलीकडं माणसानं ती लिहून घेतली. मग त्यानं विचारलं, "पाऊस होता का हो तेव्हा?" आणि तुम्ही म्हणालात, "ते लिहिलेलं नाही."

फोन ठेवल्यावर मी तुमच्याशी भांडले.

"आवं, श्रावणात मेली म्हंजी पाऊस असणारच की. होता म्हनला असता तर काय बिघडलं असतं? म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं."

"मला माहीत नाही ते मी कसं सांगू?"

"बरं वाटाय सांगायचं."

"बरं वाटायला डॉक्टर आहेत. माझ्याकडे माणूस येतो तो खरं काय ते विचारायला येतो. एकदा मी पाऊस पाडला, की माझी तिथीसुद्धा खोटी."

मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही. पण तुमचं ते वाक्य मला सोडत नाही गेली काही वर्षं, कारण मी तुमच्याशी जे केलं ते बरं वाटायला सांगितलेल्या खोट्याच्याही पुढचं होतं.

दुसरं भांडण त्या गाण्यांच्या वह्यांचं. आपल्या वर्गीकरणात ज्यू धर्माच्या पुस्तकांना दोनशे शहाण्णव हा आकडा. तुम्ही वह्या त्या आकड्याखाली, कपाटात, कुलपात ठेवल्यात. मी म्हणायची, गाणी मराठी आहेत, जात्यावरच्या ओव्यांसारखीच आहेत, मग आमच्या मराठी गाण्यांच्या फळीवर का नाहीत? तुम्ही म्हणायचात, "शोधणारा दोनशे शहाण्णवमध्ये शोधेल." मी म्हणायची, "जो शोधतच न्हाई, त्येला कशी गावायची?" यावर तुम्ही नुसतं "चहा टाक" म्हणायचात. मी याचा अर्थ मी जिंकले असा घेत आले.

मग महापूर आला.

कृष्णेचं पाणी गल्लीत आलं, पायऱ्या चढलं, वाचनालयात कमरेएवढं उभं राहिलं. पाणी उतरल्यावर आपण दोघी आत गेलो तो वास अजून माझ्या नाकात आहे. तुम्ही निवृत्त होऊन वर्षं झाली होती, मीही झाले होते, पण गेलो. बाकी पुस्तकांकडं नवीन माणसं बघत होती. तुमच्या कपाटाच्या खालच्या दोन फळ्या पाण्यात गेल्या होत्या, आणि खालच्या फळीवर वह्या होत्या.

तासगावला माझा धाकटा भाऊ संपत, त्याचं बेदाण्याचं शेड. द्राक्षं सुकवायला जाळ्यांचे मजले, वर पत्रा, चारी बाजूनं वारा. बेदाण्याचा हंगाम उन्हाळ्यातला, तेव्हा शेड रिकामं. मीच म्हटलं, तिथं वाळवू. टेम्पोतनं सगळी पुस्तकं तासगावला नेली आणि जाळ्यांवर उभी केली, पंख्यासारखी पानं उघडून. संपत सकाळी आला, जाळीवर बघितलं, म्हणाला, "ताई, ह्यो कुठल्या द्राक्षाचा माल म्हनायचा? सोनाका का थॉमसन?" आणि तुम्ही, हातात ओलं पुस्तक, डोळे सुजलेले, अगदी गंभीरपणे म्हणालात, "दोनशे शहाण्णव." त्याला काही कळलं नाही. मी जाळीला धरून हसले. तुम्हीही हसलात. पुरानंतरचं ते तुमचं पहिलं हसू.

तीन आठवडे आपण तिथं होतो. सकाळी पुस्तकं फिरवायची, दुपारी पानांत कोरे कागद घालायचे, संध्याकाळी काढायचे. भावजय भाकरी आणून द्यायची. बरीचशी पुस्तकं बचावली. जी बचावली नाहीत ती तुम्ही एका बाजूला ठेवत गेलात, आणि त्या ढिगाला आम्ही कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. एके सकाळी तुम्ही आईची वही त्या ढिगावर ठेवलीत.

"ही गेली," तुम्ही म्हणालात.

"आवं बाई, जाती कुटं? वाळतीया की अजून."

"पानं एक झालीत, मालन. वीट झाली तिची."

"हळू हात लावला तर सुटंल."

"आणि फाटली तर? देवाच्या नावाचं पान फाटलं तर?"

"मग काय करायचं म्हंता?"

"पुरायची. बाकीच्यांबरोबर."

"आईची वही हाय ती तुमच्या."

"म्हणूनच."

 मला कळलं होतं तुमचं. आई तुमच्या हातात फाटलेली तुम्हाला बघायची नव्हती. पण माझं तुम्हाला कळलं नव्हतं, कारण मी कधी सांगितलं नाही. माझ्या आईनं उभ्या आयुष्यात एक अक्षर लिहिलं नाही. सातबाऱ्यावर अंगठा, रेशन कार्डावर अंगठा. तिच्या हातचं म्हणून माझ्याकडं एक वाकळ होती, तीही विरून गेली. ती गेल्यावर मला कधी कधी वाटायचं, एक ओळ असती. काय वाटेल ती, मीठ संपलंय असं लिहिलेली असती तरी चाललं असतं. आणि इथं तुमच्याकडं आख्खी वही होती आणि तुम्ही ती मातीत घालणार होता. मला राग आला, हन्नाबाई. तुमच्या देवाच्या नावाचा मान मी राखत होते, पण आईच्या अक्षराला तुम्ही एवढ्या लवकर हात जोडलेत याचा मला राग आला.

तुम्ही मांजरपाटाच्या पांढऱ्या पिशव्या शिवल्यात, एकेका गठ्ठ्याला एक. वहीला वेगळी लहान पिशवी. मी दुपारी तुम्ही पडला होता तेव्हा तसल्याच कापडाची, तेवढ्याच मापाची दुसरी पिशवी शिवली.  ओघात झालेली चूक नव्हती ही, मापं घेऊन केलेली होती. पिशवीत भरायला तेवढ्याच आकाराचं काहीतरी हवं होतं. वाचनालयाचं जुनं मस्टर पुरात भिजून बाद झालं होतं, मी ते रद्दीतनं उचलून आणलं होतं, आपल्या दोघींच्या सह्या आहेत म्हणून. ते पिशवीत घातलं.

पुण्याला जाताना एसटी साताऱ्याच्या स्टँडवर थांबली. तुम्ही म्हणालात, "गठ्ठ्यांजवळ बस, मी जाऊन येते." तुम्ही गेलात आणि मी पिशव्या बदलल्या. वही माझ्या पदराखालच्या थैलीत गेली. तुम्ही परत आलात, दोन केळी आणली होती, एक मला सोलून दिलीत. मी खाल्लं. कसं खाल्लं मला माहीत नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. रूथनं खड्डा करून घेतला होता. तुमच्या चुलतभावाची मुलगी, तेव्हा मला नवीनच. एकेक पिशवी तुम्ही हातानं खाली ठेवलीत. लहान पिशवी शेवटी. ती छातीशी धरून उभ्या राहिलात, काहीतरी पुटपुटलात, तुमच्या प्रार्थनेच्या भाषेतलं, आणि मग मराठीत म्हणालात, "आई, जपून जा." मस्टरला. वाचनालयाच्या हजेरीपटाला तुम्ही आई म्हणालात आणि मी शेजारी उभी राहून ऐकलं. त्या वेळी तोंड उघडलं असतं तर सगळं संपलं असतं, वहीही आणि आपलंही. मी नाही उघडलं. तुम्ही रडलात, मी तुम्हाला धरलं. माझं रडणं खरं होतं एवढंच म्हणते.

परत येऊन तुम्ही कपाटाच्या यादीत त्या सगळ्या नोंदींवर लाल शाईनं रेघ मारलीत आणि पुढं लिहिलंत, निर्लेखित, म्हणजे यादीतनं कमी केलं. आईच्या वहीपुढंही.

त्यानंतर मी साताऱ्याला लेकाकडं राहायला आले. वही पानापानानं उघडायला मला चार वर्षं लागली. आंघोळ केल्याशिवाय हात लावला नाही. इडलीपात्राच्या वाफेवर फडकं गरम करायचं, कडेला धरायचं, आणि साडीला फॉल लावायच्या बोथट सुईनं पान सोडवायचं. कधी आठवड्याला एक, कधी महिन्याला एक. सून म्हणायची, "आत्याबाई, हे कसलं लोणचं घातलंय?" तीन पानं माझ्या हातनं फाटली. तेही इथंच कबूल करते. नावाची म्हणून जी हिब्रू अक्षरं होती ती त्यात नव्हती, पण ते माझं कौशल्य नाही, नशीब. बाकी बेचाळीस पानं सुटली. शाई पसरलीय, तरी वाचता येतं. अक्षर तुमच्यासारखं नाही. तुमचं कसं सरळ, फूटपट्टीवर बसवलेलं. तुमच्या आईचं उजवीकडं कललेलं, घाईतलं, चुलीवर काहीतरी ठेवून आल्यासारखं.

मी तुम्हाला सांगणार होते. पहिलं पान सुटलं तेव्हा सांगणार होते. मग म्हटलं दहा सुटू देत. मग म्हटलं सगळी. तोवर तुमचे डोळे गेले आणि तुम्ही पुण्याला रूथकडं राहायला गेलात. दर शनिवारी दिवे लागले, तुमचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, सुटला, की तुम्ही फोन उचलायचात. आणि दर शनिवारी मी वही मांडीवर घेऊन बसायची. हे ऐकून तुम्हाला काय वाटेल माहीत नाही, पण खरं आहे. वही मांडीवर, फोन कानाला. वाचून दाखवायचं एवढंच होतं. एक गाणं वाचलं असतं तरी तुम्ही ओळखलं असतं. मी काय बोलायची? वांगी कशी मिळाली ते. गुडघ्याचं. लेकाच्या साहेबाचं. तुम्ही विचारायचात, "आणखी काय?" आणि मी म्हणायची, "आनखी काय, काय न्हाई."

मला भीती रागाची नव्हती. तुम्ही एकदा मूठभर माती टाकून आईला निरोप दिला होतात. ते रडणं चुकीच्या वस्तूवर झालं असं मी कुठल्या तोंडानं सांगायचं? शेवटी शेवटी तर मला वाटायला लागलं, नाही सांगितलं तेच बरं, त्यांना बरं वाटतंय. म्हणजे बघा, मी तुमच्यासाठी पाऊस पाडत बसले होते.

मागच्या महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी तुमचा आवाज बारीक होता. तुम्ही म्हणालात, "मालन, आपल्या मलिद्याला तू यंदा आली नाहीस." एलियाहू नबीच्या नावानं तुम्ही पोह्यांचा मलिदा करायचात, गूळ, ओलं खोबरं, वेलची, पाच फळं, आणि वाचनालयात सगळ्यांना द्यायचात. माझा थोरला फौजेत लागला तेव्हा मी नवस बोलले नव्हते, तुम्ही परस्पर बोलला होता, आणि फेडलाही होता. मी म्हटलं, "फुडल्या वर्सी यीन की." तुम्ही म्हणालात, "ये. येताना काही आणू नकोस." बुधवारी रूथचा फोन आला.

वही थैलीत घालून पुण्याला आले. ठरवूनच आले होते, तुमच्याबरोबर ठेवायची, म्हणजे तुमचं तुमच्याकडं, आणि कुणाला काही सांगायला नको. रूथनं मलाही माती टाकायला सांगितलं. मी पुढं झाले. थैलीत हात घातला, वहीची कड हाताला लागली. आणि मला नाही जमलं. चार वर्षं एकेक पान सोडवलेलं. मूठभर माती टाकली आणि मागं आले. घरी येऊन वही परत कपाटात ठेवली. तुम्ही जिवंत असताना फसवलं ते एक, आणि आता परतही करवेना, म्हणजे मी चोरच की.

चार दिवसांपूर्वी मी रूथला फोन केला. तुमच्या पद्धतीनं आधी चूक सांगितली. 

"मालनमावशी," ती म्हणाली, "म्हणजे आम्ही मस्टर पुरलं?"

"व्हय."

"कुणाचं?"

"माझं आन् बाईंचं. तीन वर्सांच्या सह्या हाईत त्यात."

आणि ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "म्हणजे हन्नाआत्या तिथे इतकी वर्षं आधीच हजर आहे. आणि तुम्ही पण."

मग तिनं सांगितलं ते मला माहीत नव्हतं. जी पोथी वापरता येत नाही तीच पुरतात. जी उघडते, वाचता येते, ती पुरायची नसते. मला म्हणाली, "तुम्ही ती उघडलीत, मावशी, म्हणजे आता ती पुरायची नाहीच." मी म्हटलं, "आगं, त्यो तुमचा नियम झाला. माझं खोटं त्यानं खरं हुतंय व्हय?" ती म्हणाली, "नाही होत." तुमचीच भाची शोभते. मग म्हणाली, तिसाव्या दिवशी आम्ही सगळे दफनभूमीत जमणार, तेव्हा वही घेऊन या आणि वाचा. तू वाच म्हटलं, तर म्हणाली, "मला ते अक्षर लागणार नाही. तुम्हाला लागतं." यादी तिच्याकडंच आहे. तुमच्या लाल रेघेला आम्ही हात लावणार नाही, नोंदवहीत खोडाखोड करायची नाही हे तुम्हीच शिकवलंत. रेघेखाली मी माझ्या अक्षरात लिहिणार आहे, की ही वही पुरल्याची नोंद चुकीची आहे, अमुकतमुक बाईनं ती ठेवून घेतली होती, आणि ते मालकिणीला ठाऊक नव्हतं. खाली सही. ते लिहिल्यावर मला हलकं वाटेल असं रूथला वाटतंय. मला नाही वाटत. ती नोंद वाचायला तुम्ही नाही.

तुम्ही रागवायला हवं होतं. तुम्ही खुर्चीत बसून, चष्मा काढून, "मालन, हे तू काय केलंस" म्हणायला हवं होतं. मी मान खाली घालून ऐकलं असतं. मग तुम्ही म्हणाला असता, वाच. आणि मी वाचलं असतं, आणि तुम्ही डोळे मिटून ऐकलं असतं. एवढं सगळं होऊ शकत होतं. मधे फक्त माझं तोंड होतं.

आता आठ दिवसांनी मी ती सगळ्यांसमोर वाचणार. पण एक जागा आहे, ती मला सगळ्यांच्या आधी तुम्हाला एकटीला वाचून दाखवायची आहे. बाकी वहीभर नुसती गाणी आहेत, लग्नाची, मेंदीची, पाळण्याची. घरातलं कुणाचं नाव कुठं नाही. फक्त एकतिसाव्या पानावर, पाळण्याच्या गाण्याच्या शेजारी, कडेला, बारीक अक्षरात तुमच्या आईनं दोन ओळी लिहिल्यात.  ऐका.

"हन्ना हे गाणं चुकीचं म्हणते. तिचं चुकीचंच गोड लागतं, म्हणून मी सुधारलं नाही."